रॅक क्रमांक एक

"तिला सामान कर," दादा म्हणाला, "म्हणजे प्रश्नच मिटला."

तो जेवत होता. ताटात मेथीची भाजी होती आणि ताटाशेजारी नगरपालिकेची नोटीस. एक घास आणि एक ओळ असं त्याचं दोन्ही चाललं होतं. वहिनी भाकरी वाढायला आल्या आणि नोटिशीला तेल लागेल म्हणून ती उचलून फ्रीजवर ठेवून गेल्या. सरकारी कागदाला आमच्या घरात फार मान.

गुळाच्या पेठेत एका गोदामाला आग लागली होती. त्यामुळे नगरपालिकेला गावातल्या दुकानांवरच्या माळ्यांची एकाएकी आठवण झाली. माळ्यावर माणूस राहत असेल तर पक्का जिना हवा, कठडा हवा, बाहेर पडायला दुसरी वाट हवी, वायरिंग पाइपातून हवं आणि खालून आग न धरणारं छत हवं. हे जमत नसेल तर माळ्यावर राहणं बंद. नुसतं सामान असेल तर मात्र एक शिडी पुरे. सामानाला पळायची घाई नसते, असा नियम करणाऱ्यांचा विचार असावा.

आमच्या माळ्यावर अंबूआत्या राहत होती.

अंबूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर तीनच वर्षांत ती एक ट्रंक घेऊन सासरहून परत आली आणि तेव्हापासून, म्हणजे चौतीस वर्षं, आमच्या दुकानाच्या माळ्यावर होती. दुकान लग्नाच्या सामानाचं. मुंडावळ्या, बाशिंगं, अंतरपाट, रुखवतात मांडायच्या वस्तू. पाटीवर 'पटवेकर आणि मंडळी' असं होतं. पैकी मंडळी म्हणजे दादा आणि वहिनी, आणि माळ्यावर बसून रोज वीस-बावीस जोड मुंडावळ्या ओवणारी आत्या. तिचं नाव पाटीवर यायचा प्रश्न नव्हता. पण पाटी तेवढी तिच्या वाट्याला आली होती. माळ्याला रस्त्याकडे एक खिडकी होती, आणि ती पाटीने बरोबर झाकली गेली होती.

"सामान कर म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे नकाशात. तू इंजिनिअर ना? मग काढ की तसा नकाशा."

मी त्याच वर्षी सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन सोलापूरहून परत आलो होतो. गावात मला इंजिनिअर म्हणणारे दोघेच होते, एक दादा आणि एक मी. आज मी इमारतींची सुरक्षा तपासून दाखले देतो, लोक मला कार्यक्रमांना बोलावतात, आणि 'जीव महत्त्वाचा' या विषयावर मी चाळीस मिनिटं सहज बोलतो. त्या विषयातलं माझं पहिलं काम हे असं.

तसं मी काम प्रामाणिकपणेच सुरू केलं होतं, हे सांगायला हवं. नोटीस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुकान उघडायच्या आधी, मी टेप घेऊन माळ्यावर चढलो. चढायचं म्हणजे शिडीने. दुकानाच्या मधोमध छताला दोन बाय अडीच फुटांचं भोक होतं, त्याला झडप होती. सकाळी साडेआठला दुकान उघडलं की शिडी काढून मागच्या अंगणात ठेवायची आणि रात्री नवाला दुकान बंद झालं की परत लावायची, असा आमच्या घरचा रिवाज होता. का, तर दुकान लहान, जागा अडते. लहानपणापासून मी हेच ऐकत आलो होतो आणि मला ते पटतही होतं. मधल्या साडेबारा तासांत आत्या वर. दुपारचं जेवण वहिनी गिऱ्हाईक नसेल तेव्हा शिडी लावून वर द्यायच्या आणि लगेच शिडी काढायच्या.

वर पत्र्याचं छप्पर. मधे उभं राहता येत होतं, कडेला वाकावं लागत होतं. एक खाट, देवांची फळी, ट्रंक, पंखा आणि सगळीकडे कलाबतू, कागद, थर्माकोल, मोत्यांची पाकिटं. बल्बची वायर खिळ्याला गुंडाळून तुळईवरून नेली होती. आग लावायची असती तरी याहून नीट मांडणी कुणाला सुचली नसती.

आत्याने टेपचं एक टोक धरलं.

"आत्या, इथं आग लागली तर उतरणार कुठून तू?"

"ओरडेन की. शिडी लावतील खालचे." ती जरा थांबली. "गिऱ्हाईक नसलं तर."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. मी हसलो.

रात्री मी नकाशा काढला आणि तिला दाखवला. दुकानाच्या पुढच्या कोपऱ्यातून चढणारा लोखंडी जिना, तीन फूट रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. मागच्या भिंतीत अंगणाकडे उघडणारी मोठी खिडकी, तिला लागून खाली उतरायच्या लोखंडी पायऱ्या. आत्याने चष्मा लावला आणि मुंडावळीचा मोती शोधावा तशी कागदावर बोट फिरवत राहिली.

"ही खिडकी उघडी असणार?"

"असणार म्हणजे काय, कायद्याने असायलाच पाहिजे."

"आणि जिना? तो काढून ठेवायचा नाही रोज?"

"जिना कसा काढणार? पक्का आहे तो."

"मग दुपारचं पाणी प्यायला उतरता येईल मला," ती म्हणाली. "मनाला येईल तेव्हा." मग तिने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "रमू, एवढं कर बाबा."

तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती. मी मोठ्या थाटात "झालंच समज" असं सांगून टाकलं.

दादाने नकाशा पाहिला आणि तीन ठिकाणी बोट ठेवलं. जिन्याने पुढचा कोपरा जातो. कोपऱ्यात बाशिंगांचं काचेचं कपाट आहे, ते जातं. मागच्या खिडकीच्या पायऱ्या अंगणात उतरतात, तिथं वहिनींचा धुण्याचा दगड आहे आणि तुळस आहे, ती काय उचलून डोक्यावर घ्यायची?

"आणि दुसरं असं," तो म्हणाला, "तो पुढचा कोपरा मी तुला देणार होतो."

"मला?"

"कपाट जरा सरकवलं की एक टेबल बसतं. टेबल, खुर्ची आणि बाहेर तुझी पाटी. रमाकांत पटवेकर, इंजिनिअर. पेठेत मोक्याची जागा आहे. बघ बाबा, जिना पाहिजे की टेबल. दोन्ही तर मावत नाही."

मी विचार करायला एक रात्र मागून घेतली. ती रात्र मी छान झोपलो.

म्हणून मेथीच्या भाजीच्या वेळी "तिला सामान कर" हे वाक्य आलं तेव्हा मी फारशी खळखळ केली नाही. उलट, कामात रस घेतला. नवा नकाशा काढला, त्यावर ठसठशीत अक्षरांत 'माल साठवणुकीचा माळा' असं लिहिलं. आत्याच्या खाटेला 'रॅक क्रमांक एक' असं नाव दिलं. देवांची फळी झाली 'रॅक क्रमांक दोन'. ट्रंक होती तशीच ठेवली, ती आधीपासूनच सामान होती. मग स्टॅम्पपेपर आणून त्यावर दादाचं प्रतिज्ञापत्र लिहिलं: 'सदर माळ्यावर कोणतीही व्यक्ती वास्तव्य करीत नाही व करणार नाही.' 'व करणार नाही' ही भर माझी. खाली तांत्रिक सल्लागार म्हणून मी सही केली. माझी कामाच्या कागदावरची ती पहिली सही, आणि ती फार वळणदार आली होती.

आत्याला सांगायचं काम वहिनींवर आलं. वहिनी माळ्याच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आत्याबाई, मंगळवारी साहेब येणार आहेत बघायला. तेवढा दिवस तुम्ही गणपतीच्या देवळात बसा. संध्याकाळी या."

"आणि जिना?" वरून आवाज आला.

"ते बघतील भाऊजी पुढं," वहिनी म्हणाल्या.

मी तेव्हा खाली टेबलासाठी कोपरा मोजत होतो. मान वर केली नाही.

मंगळवार उजाडला. सकाळी सात वाजता आत्या उतरली, आंघोळ केली, डबा घेतला. सगळं ठरल्याप्रमाणे. मग तिला आठवलं की चष्मा वर राहिला. ती तो आणायला चढली. तेवढ्यात साडेआठ वाजले. वहिनींनी दुकानाचं शटर उघडलं, देवापुढे उदबत्ती लावली आणि घरच्या चौतीस वर्षांच्या सवयीने शिडी उचलून अंगणात नेऊन ठेवली. वर कोणी आहे की नाही, हे बघायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. शिडी काढताना वर माणूस असतंच, तेच तर तिचं काम होतं.

झडपेतून आत्याचा चेहरा दिसला तोवर दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. एक आई, तिची लग्नाची मुलगी, आणि बरोबर आलेली म्हातारी आजी. आजी आत आली नाही. दुकानाच्या पायरीवर, उन्हात, पदर डोक्यावर घेऊन बसली. लग्नाच्या खरेदीला विधवा आजी येते ती अशीच येते. सगळं बघते, हात कशाला लावत नाही. आमच्या दुकानाच्या पायरीला अशा आज्यांची सवय होती.

दादाने वर बघून डोळ्यांनीच झडप लावायची खूण केली. झडप लागली. वहिनी गादीवर बसल्या, हातात अर्धवट ओवलेली मुंडावळी घेतली आणि गिऱ्हाइकाकडे बघून हसल्या. ही मुंडावळी अर्धवटच असायची. गेली कित्येक वर्षं तीच होती.

"सगळ्या हाताच्या आहेत," दादा सांगत होता. "मशीनच्या नाहीत. आमच्याकडे नेम आहे, सुवासिनीनेच ओवायच्या. ह्या बघा, ह्याच करतात."

वहिनी लाजल्या. तेवढं त्यांना फार सुरेख जमायचं.

बाईंनी मुलीच्या कपाळाला एक जोड लावून बघितला. त्याच वेळी गव्हाणे साहेब आले. साडेअकराची वेळ दिली होती, आले पावणेदहाला. नगरपालिकेचे कनिष्ठ अभियंता. माणूस किडकिडीत, खिशाला तीन पेनं, हातात स्वतःचा टेप. दादाने चहा सांगितला तर म्हणाले, "माझा झालाय." खुर्ची दिली तर म्हणाले, "बसायला आलो नाही." असा माणूस भेटला की आपलं कसं व्हायचं, हा प्रश्न दादाच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला.

मी नकाशा आणि प्रतिज्ञापत्र पुढे केलं. त्यांनी दोन्ही वाचलं. अगदी शेवटपर्यंत वाचलं.

"वर कोणी राहत नाही?"

"सामान," दादा म्हणाला.

"शिडी कुठाय?"

"दुरुस्तीला दिलीय."

गव्हाणे साहेब मागच्या दारापर्यंत गेले, अंगणात डोकावले, आणि शिडी उचलून घेऊन आले. झडपेखाली लावली. मला म्हणाले, "धरा." मी धरली. ते चढले, डोक्याने झडप उचलली आणि कमरेपर्यंत माळ्यात गेले. खाली राहिले त्यांचे पाय. आम्ही सगळे, गिऱ्हाइकासकट, त्या पायांकडे बघत राहिलो. टॉर्च लागल्याचा आवाज झाला.

"पटवेकर," वरून आवाज आला, "तुमचं सामान चष्मा लावून सुईत दोरा ओवतंय."

वहिनींच्या हातातली मुंडावळी मांडीवर पडली.

"आजी, इथं राहता तुम्ही?"

आता ती काय सांगते यावर सगळं होतं. ती 'नाही' म्हणाली असती, सहज बसायला आले म्हणाली असती, तर माझा नकाशा उभा राहिला असता आणि ती त्या शिडीच्याच भरवशावर राहिली असती. मला वाटलं ती 'नाही' म्हणेल. आत्या आमच्यासाठी नेहमी तेच म्हणत आली होती.

"राहते की," ती म्हणाली. "चौतीस वर्षं झाली."

गव्हाणे साहेब उतरले. पाठोपाठ आत्या उतरली. उजव्या हातात मुंडावळ्यांचा झुबका होता, तो तिने तसाच धरला होता. दिवसाउजेडी, गिऱ्हाईक असताना, ती दुकानात उभी आहे हे मी पहिल्यांदा बघत होतो. मी चोवीस वर्षांचा होतो.

"शिडी दिवसा का काढता?" साहेबांनी दादाला विचारलं.

"जागा अडते साहेब. दुकान लहान."

साहेबांनी शिडी उचलली आणि भिंतीला लावून ठेवली. शिडीने अडवली वीतभर जागा. मग त्यांनी दादाकडे बघितलं. दादाने माझ्याकडे बघितलं, कारण इंजिनिअर मी.

"जागेचं नाही हो साहेब," आत्याच म्हणाली. अगदी साध्या आवाजात, भाव सांगावा तसं. "मी विधवा बाई. लग्नाच्या दुकानात मी वर-खाली करताना दिसले तर गिऱ्हाईक बिचकतं. आणि मुंडावळ्या मी ओवते असं कळलं तर घेईल का कोण? म्हणून शिडी काढायची. आमच्या भावाने काढली, मग ह्याने काढली. सवय झालीय आता."

बाईंच्या हातात अजून तो जोड होता. त्यांनी आत्याच्या हातातल्या झुबक्याकडे बघितलं, मग मुलीच्या कपाळाकडे, आणि जोड हळूच गादीवर ठेवला. "आम्ही जरा बाजारात फिरून येतो," त्या म्हणाल्या. बाजारात फिरून येतो म्हणणारं गिऱ्हाईक कधी येत नाही, हे आमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मला तेव्हा लाज वाटली असं मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. लाज नंतर वाटली, पुष्कळ वाटली, अजून वाटते. पण त्या क्षणी मला फक्त माझ्या सहीची काळजी वाटली.

पायरीवरून आवाज आला. "ओ बाई."

म्हातारी उठून उभी राहिली होती. पायरीवरच, आत नाही. आत्याकडे बघत होती.

"समद्या तुमीच करता व्हय? आन् पयल्यापास्नं?"

"व्हय," आत्या म्हणाली.

"माज्या लेकीला हितल्याच नेल्त्या. बावीस वरसं झाली, नांदती हाय. तीन लेकरं हायती." मग सुनेकडे वळून म्हणाली, "ठिवू नगं. घी त्या."

सून पायरी उतरून गेली होती. मुलगीही गेली. म्हातारी मात्र जाता जाता थांबली. "मी हौसाबाई. तेली गल्लीत, इठोबाच्या देवळाम्होरं. या की कवा. हितं अंधारात काय बसता."

दादा पुढे झाला. "आत्या, वर जा बघू आधी."

आणि आत्या गेली. गव्हाणे साहेबांनी शिडी लावून दिली.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सही तुमची?"

"हो."

"छान आहे." त्यांनी नकाशा घडी करून खिशात घातला आणि नवा कागद काढून लिहिलं: तीस दिवसांत जिना, कठडा, खिडकी, वायरिंग, छत, नाहीतर माळ्याला सील. "प्रतिज्ञापत्राचं काय करायचं ते मी ठरवीन," ते म्हणाले. काय ठरवलं ते मला कधी कळलं नाही. पुढची दोन वर्षं मी कुठल्याही कागदावर सही करताना त्यांना आठवत होतो.

आता तुम्हाला वाटेल, दादाचे डोळे उघडले. उघडले ना. माळ्याला सील लागलं तर आत्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न, वैशाख तोंडावर होता आणि रोजचे बावीस जोड कोण ओवणार? वहिनींची ती एक मुंडावळी काही पुरी होत नव्हती. दादाने त्या रात्री फर्मान काढलं.

"जिना कर. पण पुढून नको. अंगणातून कर."

"अंगणात तुळस आहे. वहिनींचा दगड आहे."

"हलवू."

चौतीस वर्षं जागचा न हललेला दगड दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात हलला. तुळससुद्धा बिनतक्रार सरकली. वहिनी म्हणाल्या, इथं ऊनही चांगलं येतं तिला.

आणि मला ही कल्पना, खरं सांगतो, फार आवडली. अंगणातला जिना म्हणजे नियमाचं सगळं होत होतं आणि दुकानातून काही दिसतही नव्हतं. आत्या अंगणात उतरणार, अंगणातून पाहिजे तर मागच्या बोळात जाणार, आणि पुढे गिऱ्हाईक निवांत. मला टेबलाचा कोपराही मिळत होता. कायद्याचं समाधान, दादाचं समाधान, माझं समाधान. आत्याला कोणी विचारलं नाही, कारण तिला जिना हवा होता आणि तो मिळत होता.

तोवर शिडी दिवसाही लावलेली ठेवायची असं साहेबांनी बजावलं होतं. दादाने शब्द पाळला. फक्त शिडीपुढे एक पडदा लावला. पडद्यावर मोर होते.

मी जीव ओतून काम केलं. लोखंडी जिना, पायरी सात इंच चढ, दहा इंच रुंद, कुठेही अर्ध्या सुताचा फरक नाही. कठडा साडेतीन फूट, त्याच्या गजांतून मूल निसटणार नाही एवढीच फट. जिन्याच्या डोक्याशी मागच्या भिंतीत दार, शेजारी मोठी खिडकी. पाटीही दीड फूट खाली सरकवली, म्हणजे रस्त्याकडची खिडकी मोकळी झाली. पण तिच्यावर दादाने दुधी काच बसवून घेतली. वायरिंग पाइपातून. तुळयांना खालून सिमेंटचे पत्रे. वाळूच्या दोन बादल्या, लाल रंगाच्या.

त्या महिन्यात हौसाबाई रोज दुपारी बोळातून यायची. अंगणाच्या दाराशी बसायची आणि नव्याने फोडलेल्या मागच्या खिडकीतल्या आत्याशी वरखाली गप्पा चालायच्या. काय बोलत होत्या ते मी ऐकलं नाही. मी वेल्डरच्या डोक्याशी उभा होतो.

तीस दिवसांच्या आत, सव्विसाव्या दिवशी, गव्हाणे साहेब आले. प्रत्येक पायरी मोजली. कठड्याला कोपराने धक्का दिला. खिडकी दोनदा उघडून बघितली. बादलीतल्या वाळूत बोट घालून बघितलं, खाली माती तर नाही. मग कागदावर लिहिलं, 'नियमानुसार'. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता सही करा. आता शोभते."

मी केली. साहेब गेले. सकाळचे अकरा वाजले होते, दुकानात पंढरपूरकडचं एक मोठं गिऱ्हाईक होतं, वऱ्हाड पन्नास माणसांचं, दादा बाशिंगावर बाशिंग काढून दाखवत होता. मी अंगणात जिन्याखाली उभा राहून माझं काम बघत होतो.

वरचं दार उघडलं. आत्या जिन्यावरून उतरली. कठडा न धरता, एकेक पायरी, सावकाश. उजव्या हातात ट्रंक होती. नऊवारी लुगडं नवं नव्हतं, पण धुतलेलं होतं.

"आत्या, ट्रंक कुठं निघाली?"

"हौसाबाईंकडं. त्यांची पुढची खोली मोकळी आहे. रस्त्यावर उघडते." ती शेवटच्या पायरीवर थांबली. "तिथं ओवत बसेन. कुणाला घ्यायच्या त्यांनी घ्याव्यात, नको त्यांनी नकोत. दिसेल तरी सगळ्यांना कोण करतंय ते."

"अगं पण आता तर जिना झाला! तुझ्यासाठी केला एवढा. बघ तरी नीट. दहा इंचाची पायरी आहे."

तिने खरंच बघितलं. वळून, वरपासून खालपर्यंत. कौतुकाने बघितलं, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

"चांगला झालाय रे रमू," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी मेल्यावरच दिवसाउजेडी खाली आणतील मला." आणि ती अंगण ओलांडून मागच्या दारातून बोळात उतरली.

दादाला ट्रंक दाराला घासल्याचा आवाज आला असावा. तो दुकानाच्या मागच्या दारात आला. हातात बाशिंग होतं. त्याने बोळाकडे बघितलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. पण आत गिऱ्हाईक बसलं होतं. हाक मारली असती तर त्यांनी विचारलं असतं, कोण हो ही? दादाने तोंड मिटलं आणि तो आत गेला.

आत्या बोळाच्या टोकाशी थांबली. ट्रंक खाली ठेवली, हात बदलला, परत उचलली. तेवढ्या वेळात कुणालाही तिला हाक मारता आली असती. मला तर गिऱ्हाइकाचीही अडचण नव्हती. मी जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून तो हलतो का ते बघत होतो. हलत नव्हता.